दुसरी सही

३ नोव्हेंबर, सोमवार. पिंप्राळा

काल पहूरच्या अभ्यासिकेत जे झालं त्याने आज दिवसभर डोकं तापलेलं आहे. कोणाला तरी बाकाखाली पेनड्राइव्ह सापडला. त्याने तो कॉम्प्युटरला लावला. तो पेनड्राइव्ह नव्हताच. त्या वस्तूने मशीनला सांगितलं, मी कीबोर्ड आहे. आणि कोणी हात न लावता टाइप करायला सुरुवात केली. पोरं मजा बघत उभी राहिली. मजा संपली तेव्हा जुन्या प्रश्नपत्रिकांचा सगळा संग्रह पुसला गेला होता.

जो कोणी दारात येऊन "मी घरचाच" म्हणेल त्याला पाट मांडून देणारं यंत्र हे गुलामाचं यंत्र आहे. आपल्या समाजाचं दुखणं तेच, आणि आपण बनवलेल्या प्रणालीतही तेच उतरलं.

ही वही पुढे कोणी वाचलीच तर त्याच्यासाठी लिहून ठेवतो. धुळे-जळगावातल्या सत्तावीस गावांच्या अभ्यासिकांत आमची प्रणाली चालते. ती कोणाकडून विकत घेतलेली नाही. जगभरातले लोक प्रोग्रॅम लिहून सर्वांसाठी खुले ठेवतात. त्यातले उपयोगी निवडून, आपल्या मशीनवर बसतील असे बांधून सर्व्हरवर ठेवायचे, हे आमचं काम. या बांधलेल्या गोष्टीला पॅकेज म्हणतात. सकाळी अभ्यासिकेतलं मशीन सुरू झालं की ते नवं पॅकेज आपोआप उतरवून घेतं. आम्ही म्हणजे मी आणि नूतन. ती माझी विद्यार्थिनी. आता धुळ्याच्या एका इस्पितळातले कॉम्प्युटर सांभाळते आणि उरलेल्या वेळात हे करते.

एकाने पॅकेज बांधायचं, दुसऱ्याने तपासून सही करायची. दोन सह्या नसतील तर सर्व्हर काही घेत नाही. हा नियम मी घातला. लोकशाही भाषणात असून चालत नाही, ती यंत्रात असावी लागते.

६ नोव्हेंबर, गुरुवार

हवा होता तसा प्रोग्रॅम सापडला. बाहेरून कुठलीही वस्तू जोडली, माऊस असो, प्रिंटर असो, कीबोर्ड असो, की हा तिला अडवतो आणि आपली यादी बघतो. यादीत असेल तर आत, नसेल तर बाहेर. मी त्याचं नाव 'पहारेकरी' ठेवलं.

कोकिळा म्हणाली, "मागच्या दाराची कडी दिवाळीपासून निघालीय. तिथे नेमा कोणी पहारेकरी." बायकोला यातलं गांभीर्य कळावं अशी माझी अपेक्षा नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

पॅकेज बांधून झालं. मी दोन गोष्टी ठरवल्या. एक, मशीनवर उतरताक्षणी पहारेकरी कामाला लागेल. कोणाला विचारत बसणार नाही. दोन, त्या क्षणी मशीनला जे जोडलेलं असेल ते घरचं. नंतर येईल ते परकं.

नूतनला फोन केला. तिचे नेहमीसारखे प्रश्न. आपोआप सुरू कशाला करायचा, गावागावाने हवा तेव्हा सुरू करू दे. मी म्हटलं, ज्याला कुलूप लावायचा कंटाळा आहे त्याच्या हातात कुलूप देऊन उपयोग नाही, लावूनच द्यावं लागतं. मग तिने कीबोर्डचं काढलं. महागड्या वस्तूंना आतून स्वतःचा क्रमांक असतो. आपल्या अभ्यासिकांतले कीबोर्ड स्वस्तातले, त्यांना क्रमांक नाही. अशा वस्तूला पहारेकरी ओळखतो ती कोणत्या पोर्टला, म्हणजे मशीनच्या कोणत्या खाचेत लावली आहे त्यावरून. मी म्हटलं, मग बिघडलं काय? आपण माणसालाही त्याच्या घरावरून ओळखतोच. ती म्हणाली, सर, एका तरी अभ्यासिकेत बसून तपासा. मी बरं म्हटलं.

पोरगी हुशार आहे, पण धीर कमी. इस्पितळात राहून प्रत्येक गोष्टीला आधी नाडी बघायची सवय लागली आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

धरणगावला व्याख्यान. विषय: यंत्र कोणाचं? सभागृह भरलेलं. कापसाचा हंगाम असूनही लोक आले, शेवटपर्यंत बसले. समोर सत्तर-ऐंशी माणसं आणि एकही मोबाईलमध्ये बघत नाही, असा क्षण आजकाल दुर्मीळ.

अभ्यासिकेत जाऊन पॅकेज तपासायचं होतं. भाषण लांबलं, मग लोक भेटत राहिले, गाडीवाला घाई करू लागला. अभ्यासिका सांभाळणारे तोताराम आबा, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, दारापर्यंत सोडायला आले. चहाला थांबा म्हणत होते. पुढच्या वेळी, म्हटलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

घरीच तपासलं. लॅपटॉपला बाहेरचा कीबोर्ड लावला, पहारेकरी बसवला, मशीन पाच वेळा बंद-चालू केलं. पाचही वेळा कीबोर्ड ओळखला. नवा माऊस लावला, तो अडवला. जसं हवं तसं.

नूतनला कळवलं की तपासलं. तिने विचारलं, अभ्यासिकेत? मी म्हटलं, तपासलं म्हटलं ना. तिने सही केली. मशीन ते मशीन. ते पिंप्राळ्यात असलं काय आणि धरणगावात असलं काय.

येत्या रविवारी धुळ्यात अभ्यासिका संघाची सभा आहे. पुण्याच्या एका कंपनीने सर्व अभ्यासिकांना नवी मशीन फुकट द्यायची तयारी दाखवली आहे. अट एकच, प्रणाली त्यांची. संघाचे अध्यक्ष भाईदास नाना डळमळीत आहेत. पोरांच्या अभ्यासावर परक्या कंपनीची नजर बसणार, आणि आमची दहा वर्षांची मेहनत एका ठरावाने जाणार. सभेत मला सांगता आलं पाहिजे: बघा, आमच्या दारात पहारेकरी उभा आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी सगळीकडे पहारेकरी उतरला. दिवसभर एकही तक्रार नाही. पहूरला कोणी तरी मुद्दाम पेनड्राइव्ह लावून पाहिला, मशीनने साफ नकार दिला. संघाच्या व्हॉट्सअॅप गटावर अंगठ्यांचा पाऊस. भाईदास नानांनी स्वतः फोन केला. मी त्यांना म्हटलं, नाना, स्वातंत्र्य फुकट मिळत नाही आणि फुकट मिळालं तर ते स्वातंत्र्य नसतं. ते म्हणाले, हे सभेत बोला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आजचा दिवस सविस्तर लिहायला हवा.

सकाळी पहिला फोन तोताराम आबांचा. ते अहिराणीतच बोलतात. "सर, बठ्ठं बंद शे. कीबोर्ड लावा, माऊस लावा, मशीन काही ऐकत नही." मी विचारलं, काल तर चालत होतं? "काल चालनं. आज माले वयखतच नही." ओळखतच नाही म्हणे.

मागोमाग चोपडा, पारोळा, शिरपूर, पहूर. तास-दीड तासात एकोणीस गावं. पडद्यावर प्रश्न येतो: अनोळखी कीबोर्ड, परवानगी द्यायची का? आणि हो म्हणायला कीबोर्डच हवा.

कारण नूतनने शोधलं. तोताराम आबांनी कंडक्टरच्या सवयीने एक पद्धत पाडली आहे, आणि ती बघून बाकीच्या गावांनीही उचलली आहे. संध्याकाळी अभ्यासिका बंद करताना कीबोर्ड आणि माऊस काढायचे, कपाटात ठेवायचे, कुलूप. एक तर हंगामात कापसाची रूई सगळीकडे बसते, शिवाय उंदीर. नूतनने आबांना आणि मला एकत्र फोनवर घेतलं. आबा म्हणाले, "वीस वरीस तिकिटनं मशीन जमा कऱ्याबिगर मी घर गऊ नही. हाई बी तसंच. सकायले काढस आणि जठे भोक दिखस तठे लावस."

जिथे भोक दिसेल तिथे. म्हणजे काल एका पोर्टला, आज दुसऱ्या. पहारेकऱ्याच्या लेखी परका माणूस.

आबांनी फोन ठेवल्यावर नूतनने मला विचारलं, "सर, तुम्ही कधी अभ्यासिका बंद होईपर्यंत थांबलात का?" हा प्रश्न मला अप्रस्तुत वाटला.

तिने तेवढ्यात एक पॅकेज बांधूनही पाठवलं होतं. त्यात दुसरं काही नाही, पहारेकरी बंद करायचा, एवढंच. मी सही केली की गावांनी मशीन बंद करून चालू करायचं, संपलं. ती म्हणाली, आज एका भरतीच्या अर्जाचा शेवटचा दिवस आहे, संध्याकाळी सहापर्यंत मुदत. पोरं खोळंबली आहेत, तासाभरात सुरू होईल असं मी सगळ्यांना सांगितलंय.

मी नकार दिला. पहिल्या धक्क्याला पहारा उठवायचा? रविवारी सभेत काय सांगायचं, आम्ही दार लावलं आणि दुसऱ्या दिवशी उघडून टाकलं? दुरुस्ती करायची तर खरी करायची. पोर्ट न बघता वस्तूच्या बनावटीवरून ओळखायला शिकवायचं. मी तिला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, ते उद्या करू, आधी चालू तर करू. मी म्हटलं, हा उद्याचा रोगच या देशाला भोवला आहे.

मग बसलो. फोन पालथा ठेवला, कारण तिचे सारखे येत होते आणि हात थांबत होता. सोपं काम नव्हतं. बनावटीचे नियम लिहिताना दोनदा चुकलं. जेवायला उठलो नाही. दिवेलागणीला पॅकेज पुरं झालं. नूतनला पाठवलं. तिने लगेच सही केली, एक शब्दही न बोलता. तिला पटलं असावं.

थकवा आहे, पण तत्त्व सोडलं नाही याचं समाधान त्याहून मोठं आहे.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सत्तावीसही गावांत सुरळीत. आबांनी कीबोर्ड चारही पोर्टना लावून बघितला म्हणे, चारही ठिकाणी चालला. कोकिळाने काल गार झालेली भाकरी गायीला घातली आणि त्यावरून आज ऐकवलं.

२३ नोव्हेंबर, रविवार. धुळे

सभा झाली. आपली प्रणाली राहिली. हे आधी लिहितो.

सुरुवात वाईट होती. बुधवारचा विषय निघणार हे ठाऊक होतंच. गावोगावचे लोक उठून बोलले. कोणाचा दिवस गेला, कोणाला जळगावच्या नेट-कॅफेत जावं लागलं. धरणगावहून भूमिका नावाच्या एक बाई आल्या होत्या. दोन मुलांची आई, घरचं आवरून रोज अभ्यासिकेत येऊन अभ्यास करणारी. त्यांचे सगळे दाखले स्कॅन करून तिथल्याच मशीनवर ठेवलेले होते, अर्ज भरून तयार, फक्त शेवटचं बटण दाबायचं बाकी. तासाभरात सुरू होईल म्हणून त्या बसून राहिल्या. चार वाजता, नेट-कॅफेतून तरी भरू म्हणून, मूळ कागद आणायला जवळच्या आपल्या गावी गेल्या, परत येईपर्यंत मुदत संपली. वयाचंही काही तरी म्हणाल्या, ते गोंगाटात ऐकू आलं नाही.

मग मी उठलो. पाऊण तास बोललो. चूक झाली हे पहिल्याच वाक्यात मान्य केलं, कारण मान्य केलेली चूक ही अर्धी जिंकलेली लढाई असते. मग विचारलं, की फुकट मशीन देणारा उद्या तुमच्या पोरांनी काय वाचावं हेही ठरवील, तेव्हा तुम्ही कोणत्या सभेत उठून बोलणार आहात? आमची चूक तुम्ही आम्हाला तोंडावर सांगू शकता. त्यांची चूक कोणाला सांगाल? सभा अवाक. मग टाळ्या. कंपनीचा प्रस्ताव तिथेच पडला.

त्यानंतर नूतन बोलली. दोनच मिनिटं. बुधवारी काय कधी पाठवलं, काय कधी निघालं, एवढं सांगितलं. वक्तृत्व तिचं क्षेत्र नाही. पण का कोण जाणे, सभा तिच्या वेळीही शांत होती.

शेवटी भाईदास नानांनी ठराव वाचला. प्रणाली चालू राहील. मी संघाचा मार्गदर्शक आणि प्रमुख वक्ता. सह्यांची व्यवस्था नूतनताईंनी नव्याने लावावी, असंही एक तांत्रिक कलम होतं. नानांनी मला शाल दिली आणि कानात म्हणाले, "सर, आता तुम्ही फक्त बोला." मानाची जागा आहे. सांगून टाकतो, मला बरं वाटलं.

निघताना भूमिकाबाई दिसल्या. मी म्हटलं, पुढच्या वर्षी पुन्हा जागा निघतीलच, खचू नका. "हो सर," म्हणाल्या. समजूतदार बाई.

२ डिसेंबर, मंगळवार

नूतनकडून पॅकेज आलं. सह्या करणाऱ्यांच्या यादीत बदल. नवल, म्हणजे मी, कमी. तोताराम आबा, धरणगाव, वाढवले. आणि ही यादी बदलायलाही दोन सह्या लागतात, म्हणून दुसऱ्या सहीसाठी ते माझ्याकडेच.

दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचायला घेतलं आणि मशीन बंद केलं. एसटीच्या कंडक्टरने पॅकेज तपासायचं! ज्या नियमावर मी इमारत उभी केली त्याच नियमाने मला जिन्यावरून उतरवायचं. फोन केला. ती म्हणाली, आबांनी आत काय लिहिलंय ते बघायचं नाही, ते मी बघेन आणि इस्पितळातली माझी सहकारी बघेल. आबांनी अभ्यासिकेत बसवून दिवसभर वापरायचं, संध्याकाळी कपाटात ठेवायचं, दुसऱ्या सकाळी काढायचं, चाललं तर सही. नाही चाललं तर नाही. मी विचारलं, आणि मी? ती म्हणाली, "सर, तुम्ही उत्तम बोलता." तिने हे उपहासाने म्हटलं नाही. तेच जास्त लागलं.

सही केली नाही. करणार नाही. माझ्या सहीवाचून ती यादी बदलू शकत नाही.

४ डिसेंबर, गुरुवार. धरणगाव

आबांना भेटून समजवावं, त्यांनी स्वतःच नाही म्हणावं, म्हणून एसटीने आलो. व्याख्यान नव्हतं, तेव्हा कोणी न्यायला आलं नाही. दुपारभर बसलो. आबा म्हणाले की त्यांनीही नूतनला आधी नाहीच सांगितलं होतं. "माले काय समजस त्यामा? पण ती बोलनी, आबा, समजानं नही, चालाडीसन दखानं. ते मी करस. गाडी निंघानी पह्यले ब्रेक दखतस ना, तसं." मी त्यांना जबाबदारीचं ओझं समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, चहा घेणार का. या वेळी घेतला.

संध्याकाळी पोरं उठू लागली. आबा एकेक कीबोर्ड काढून, फडक्याने रूई पुसून कपाटात ठेवत होते. तेव्हा भूमिकाबाई आल्या. हातात पिशवी. अभ्यासिकेची पुस्तकं परत करायला आल्या होत्या. मी म्हटलं, अहो ठेवा की, पुढच्या वर्षी लागतील.

त्या म्हणाल्या, "सर, मी पुढच्या वर्षी वयात बसत नाही. सभेत सांगितलं होतं मी."

पुस्तकं त्यांनी मोजून टेबलावर ठेवली. मला काही तरी बोलायचं होतं, मी सुरुवातही केली. संकट आणि संधी असं काहीसं.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "नूतनताईंचं पॅकेज त्या दिवशी सकाळीच तुमच्याकडे आलं होतं ना?"

"हो."

"मग?"

आबा हातातला माऊस धरून उभे होते. त्या रागावलेल्या नव्हत्या. खरोखर माहिती नसलेली गोष्ट विचारावी तसं विचारत होत्या, आणि थांबल्या होत्या. मी उत्तर शोधलं. पहारा, तत्त्व, रविवारची सभा, कंपनी. सगळी वाक्यं तयार होती, आणि त्यातलं एकही त्या टेबलाजवळ बोलण्यासारखं नव्हतं. मी चाळीस वर्षं बोलतो आहे.

त्यांनी पदर सावरला. "येते आबा," म्हणाल्या. मला नमस्कार करून गेल्या.

आबांनी कपाटाला कुलूप घातलं. स्टँडपर्यंत सोडायला आले.

५ डिसेंबर, शुक्रवार. पिंप्राळा

सकाळी नूतनचं पॅकेज उघडलं. ओळ न ओळ वाचलं. चूक शोधायला वाचलं, हे लिहून ठेवतो. सापडली असती तर परत पाठवलं असतं. सापडली नाही.

मंगळवारी आलेलं, आज शुक्रवार. तिने मधल्या काळात एकदाही आठवण केली नाही.

सही केली. सर्व्हरने विचारलं की या बदलानंतर तुम्हाला पुन्हा सही करता येणार नाही, पुढे जायचं का. हो लिहिलं.

नंतर आबांना फोन केला. पहिलं पॅकेज येईल तेव्हा घाई करू नका, पूर्ण दिवस वापरा, कोणी कितीही मोठा माणूस फोन करून म्हणाला तरी चालवून बघितल्याशिवाय सही करू नका, असं सांगू लागलो.

"तुमी फोन करा तरी?" आबांनी विचारलं.

म्हटलं, मी केला तरी.

"नूतनताईनी तेच माले पह्यले सांगेल शे," आबा म्हणाले.